नांगरावरचं जगणं: उष्ण कटिबंधातल्या बेटाच्या आडोशाला शिडाच्या बोटीवरचे दिवस

समुद्रपक्षी

शिडाच्या बोटीवर राहतो म्हटलं की पहिला प्रश्न वादळाचा येतो आणि दुसरा, भर समुद्रात भीती नाही का वाटत, हा. पण बोटीवर घर करून राहणाऱ्यांचं वर्ष पाहिलं तर प्रवासाचे दिवस थोडेच निघतात. बाकीचा सगळा काळ कुठल्या ना कुठल्या बेटाच्या आडोशाला नांगर टाकून जातो. त्या काळाबद्दल कुणी फारसं विचारत नाही, म्हणून हा धागा. मी आणि नवरा, दोघंच, बारा मीटरच्या एका डोलकाठीच्या बोटीवर राहतो. सध्या दक्षिण प्रशांत महासागरातल्या कंकणद्वीपांमध्ये, म्हणजे कड्यासारख्या गोल प्रवाळबेटांमध्ये, आहोत.

फोटोंत हे जगणं निवांत दिसतं. ते निवांत असतंही, पण तो निवांतपणा रोज कमवावा लागतो. नांगर नीट बसलाय का, टाकीत पाणी किती, बॅटरीत वीज किती? तिन्हींची उत्तरं ठीक असतील तर दिवस आपला. एक जरी बिघडलं तर दिवस त्यातच जातो.

जागेपासून सुरुवात करते. उष्ण कटिबंधात बहुतेक वेळ व्यापारी वारे वाहतात. दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून, उत्तर गोलार्धात ईशान्येकडून, साधारण १५ ते २० नॉट (तासाला सागरी मैल) वेगाने. त्यामुळे डोंगराळ बेट असेल तर त्याच्या पश्चिमेला आडोसा मिळतो. कंकणद्वीपाच्या आत मात्र हिशोब उलटा. तिथे डोंगर नाही, नुसतं प्रवाळाचं कडं आणि त्यावर माडांची रांग. कड्याच्या आतलं पाणी, म्हणजे खाजण, कित्येक मैल रुंद असू शकतं. पश्चिमेच्या बाजूला जाऊन राहिलात तर त्या सगळ्या रुंदीवर वाऱ्याने उठवलेल्या लाटा तुमच्यावर येऊन आदळतात. म्हणून पूर्वेला, माडांच्या अगदी जवळ जायचं. माडांमधून वारा येतो, लाट येत नाही. बोट सपाट पाण्यात उभी राहते आणि झरोक्यांतून दिवसभर वारा खेळत राहतो.

पण वारा फिरून पश्चिमेचा झाला तर हीच जागा सापळा होते. पाठीला प्रवाळ आणि समोरून लाटा. त्यामुळे वारा फिरला तर कुठे जायचं, हे आम्ही नांगर टाकण्याआधीच ठरवून ठेवतो. आत येतानाच्या वाटेची जीपीएसवर नोंद ठेवतो, म्हणजे रात्री निघायची वेळ आलीच तर त्याच वाटेने बाहेर पडता येतं.

खाजणात नुसत्या नकाशावर विसंबून चालत नाही. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असताना एकाने नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभं राहून पाण्याचा रंग वाचायचा. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट-निळं म्हणजे वाळू, तपकिरी किंवा पिवळसर म्हणजे वर आलेलं प्रवाळ. पोलराइज्ड गॉगल नसेल तर चकाकीत यातलं काही दिसत नाही. सूर्यावर ढग आला की तो सरकेपर्यंत थांबायचं.

नांगर नुसता टाकून भागत नाही, तो बसवावा लागतो. पाणी ८ मीटर, भरतीचा अर्धा मीटर, नाळेची पाण्यापासूनची उंची दीड मीटर, झाले १०. त्याच्या पाचपट, म्हणजे ५० मीटर साखळी सोडायची. मग इंजिन उलटं फिरवायचं, आधी हळू, मग जोर वाढवत. किनाऱ्यावरचे दोन माड एका रेषेत धरायचे. रेषा ढळली नाही तर नांगराने पकड घेतली. साखळीवर तळवा ठेवला तरी कळतं. नांगर घसरत असेल तर साखळी खडखडते, बसला असेल तर ताणून गप्प राहते. त्यानंतर मास्क लावून पाण्यात उतरायचं आणि डोळ्यांनी पाहून यायचं. नांगराचं पातं वाळूत पूर्ण गाडलेलं दिसलं तरच आम्ही इंजिन बंद करतो. शेवटी साखळीला नायलॉनचा जाड दोर हुकाने अडकवून बोटीच्या खुंटाला बांधतो. साखळी ताणत नाही, नायलॉन ताणतो. वाऱ्याचा झटका तो दोर झेलतो आणि साखळी ओढायच्या यंत्रावर भार येत नाही.

आता दिवस. पहाटे उठल्याउठल्या बॅटरीचा आकडा पाहायचा, कारण रात्रभर फ्रिज चाललेला असतो. मग हवामानाचा अंदाज उतरवून घ्यायचा. सकाळचं काम ऊन चढायच्या आत: प्रोपेलरवर चिकटलेले शंखशिंपले खरवडणं, शिडाची उसवलेली शिवण धरणं, इंजिनखालचं पाणी उपसणं. खाऱ्या हवेत काही ना काही रोज बिघडतंच. त्याचा त्रास करून घेण्याऐवजी रोजची दोन कामं पक्की धरली की मागचं तुंबत नाही. दुपारी डेकवर कापडी छत ताणलं नाही तर आत बसवत नाही.

मीठ हा कायमचा सोबती. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे खाऱ्या पाण्याने भिजलेला टॉवेल कितीही उन्हात टाका, संध्याकाळी पुन्हा दमट. म्हणून पोहून आलं की खारं पाणी बाहेरच, बोटीच्या मागच्या पायरीवर धुऊन टाकायचं. लिटरभर गोडं पाणी पुरतं. ओल्या अंगाने गादीवर कुणीही बसायचं नाही, हा आमच्या बोटीवरचा सगळ्यात कडक नियम आहे.

प्रश्न विचारा. माहिती आहे तेवढं सगळं सांगेन.

मृण्मयी_के

वाचतेय, फार आवडलं. मला एकच कळत नाही, झोप कशी लागते? वारा वाढला, नांगर सुटला आणि तुम्ही झोपेत असलात तर?

समुद्रपक्षी

मृण्मयी, यासाठी नांगराचा गजर असतो. जीपीएस बोटीची जागा पाहत राहतो आणि ठरवलेल्या वर्तुळाबाहेर बोट गेली की कर्कश वाजतो. वर्तुळाचं केंद्र नांगर जिथे पडला तिथे हवं. बरेच जण इंजिन बंद केल्यावर, बोट मागे सरकून स्थिर झाल्यावर गजर लावतात. मग केंद्र चुकतं, वारा फिरला की बोट आपल्या नांगराभोवती रीतसर फिरते आणि गजर उगाच वाजतो. असा दोन-तीनदा वाजला की माणूस तो बंद करून झोपतो, आणि धोका तिथेच असतो.

झोप लागते, पण वेगळी. साखळी तळावरच्या दगडाला घासली तर तो आवाज बोटीच्या अंगातून उशीपर्यंत पोचतो. नेहमीच्या आवाजांना कान सरावतात, नवीन आवाजाला मात्र लगेच जाग येते. रात्रीच्या पावसाळी झोताचा पहिला थंड वारा झरोक्यातून आला की आम्ही दोघं न बोलता उठतो. एकजण झरोके बंद करतो, दुसरा वर जाऊन शेजारच्या बोटींचे दिवे पाहतो.

दिव्यांवरून आठवलं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतला तिसावा नियम नांगरलेल्या जहाजांसाठी आहे: रात्री सगळीकडून दिसेल असा पांढरा दिवा, दिवसा काळा गोळा. दिवा बहुधा डोलकाठीच्या टोकावर असतो. छोट्या होडीतून अंधारात येणारा माणूस इतक्या वर पाहत नाही, म्हणून आम्ही खाली डेकजवळ आणखी एक लावतो.

दर्यावर्दी_जुना

मी व्यापारी जहाजांवर होतो, शिडाच्या बोटींवर कमी. ताई, तुम्ही पाचपट साखळी लिहिली आहे, त्यात भर घालतो. साखळीचं वजन नांगराला मदत करतं, हे हलक्या वाऱ्यात खरं. साखळी झोळ घेऊन तळावर पडून राहते आणि नांगरावरची ओढ आडवी येते. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५ नॉटचा वारा ३० नॉट झाला की ओढ चौपट. तेव्हा झोळ जवळजवळ नाहीसा होतो, साखळी सरळ होते आणि तेव्हा वजनापेक्षा लांबीच कामाला येते. वारा वाढणार असं दिसलं तर सात-आठपट सोडा, मागे जागा असेल तर. पेटीत पडलेली साखळी कुणाच्या उपयोगाची नाही.

नांगराच्या घाटाबद्दलही लिहायला हवं. सीक्यूआर नावाचा फाळाच्या आकाराचा नांगर जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने काढला, १९३३ मध्ये त्याचं पेटंट झालं. द्रवांच्या प्रवाहावर काम करणारा मोठा माणूस. कित्येक दशकं भटक्या बोटींचा तोच भरवशाचा नांगर होता. आताचे रोक्ना, स्पेड वगैरे लवकर रुततात आणि वारा फिरल्यावर पुन्हा लवकर पकड घेतात.

समुद्रपक्षी

काका, अगदी बरोबर. पाचपट हा नेहमीच्या व्यापारी वाऱ्यातला हिशोब. आमच्याकडे नव्या घाटाचा नांगर आहे, बोटीच्या मापाला सांगतात त्याहून एक माप मोठा. त्याने झोपेत जितका फरक पडला तितका दुसऱ्या कुठल्याच सामानाने पडला नाही.

केदार_अ

विजेचं सविस्तर लिहा ना. आकडे हवेत.

समुद्रपक्षी

केदार, ढोबळ आकडे देते. ६०० वॅटचे सौर पॅनल असतील तर स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण २ ते २.५ किलोवॉट-तास मिळतात. डोलकाठीची किंवा दोराची सावली पॅनलवर पडली की हा आकडा झपाट्याने उतरतो, म्हणून बोट वाऱ्याबरोबर फिरेल तशी सावली कुठे जाते याकडे लक्ष ठेवावं लागतं.

खर्चाच्या बाजूला सगळ्यात मोठा फ्रिज, १२ व्होल्टवर दिवसाला ४० ते ७० अँपिअर-तास. नांगराचा एलईडी दिवा रात्रभरात नगण्य खातो. जुन्या २५ वॅटच्या बल्बच्या काळात तोच दिवा १२ तासांत ३०० वॉट-तास घ्यायचा. हल्ली नवा खर्च म्हणजे उपग्रहाचं इंटरनेट. ते चोवीस तास चालू ठेवलं तर फ्रिजच्या पंगतीला बसतं. आम्ही सकाळी आणि संध्याकाळी चालू करतो, एरवी बंद.

बॅटरी लिथियम लोह फॉस्फेटच्या आहेत. शिसाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. लिथियममधली बरीचशी वापरता येते आणि ती भरतेही लवकर. ढगाळ हवामान सलग राहिलं की मात्र काटकसर. आधी फ्रिजचं तापमान वाढवायचं, मग पाणी बनवणं पुढे ढकलायचं, आणि अगदीच वेळ आली तर तासभर इंजिन.

केदार_अ

पाणी बनवणं म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणं? घरच्या आरओसारखंच?

समुद्रपक्षी

तत्त्व तेच, दाब फार वेगळा. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे त्याचा परासरणी दाबच २७ बारच्या आसपास असतो. त्यावर मात करून उपयोगी पडेल इतकं पाणी पडद्यातून ढकलायचं तर साधारण ५५ बार लागतात. बाहेर फेकल्या जाणाऱ्या खाऱ्या पाण्यातला दाब परत वापरणारे पंप असतात, त्यांना लिटरमागे ४ वॉट-तासांच्या आसपास वीज पुरते. साध्या पंपांना याच्या दुप्पट-तिप्पट.

त्याची देखभाल सोपी नाही. पाण्यात तेलाचा तवंग असेल, बंदर असेल, तर यंत्र चालवायचं नाही. काही दिवस वापर नसेल तर पडद्यावर जीव वाढतात, म्हणून गोड्या पाण्याने धुवायचं. ते धुवायचं पाणी क्लोरीनचं असलं तर पडदा कामातून जातो, म्हणून मध्ये कार्बनचा फिल्टर.

यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं येणारं पाणी टाकीत सोडत नाही. छोट्या नळीतून पेल्यात घेतो, क्षारमापकाने तपासतो, चाखतोही. मचूळ लागलं तर बाहेर. चवीला निखळ झालं की मगच टाकीकडचा व्हॉल्व्ह उघडायचा. टाकीतलं चारशे लिटर चांगलं पाणी एका चुकीच्या व्हॉल्व्हने खारट होऊ शकतं, म्हणून हे काम घाईत करायचं नाही.

नि_जोशी

यंत्राशिवायही लोक राहतातच की. आम्ही काही महिने एका ओळखीच्यांच्या बोटीवर होतो, यंत्र नव्हतं. पावसावर आणि कॅनवर चालायचं. यंत्र आलं की त्याचे फिल्टर, त्याचे सुटे भाग, त्यासाठी जास्त पॅनल, असं सगळं वाढत जातं. मला तरी पावसाचं पाणी जास्त भरवशाचं वाटतं.

समुद्रपक्षी

नि_जोशी, तुमचं म्हणणं मला पटतं, फक्त जागेची अट घालीन. डोंगराळ बेटाजवळ पाऊस भरपूर पडतो. हिशोबही सरळ आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. १० चौरस मीटरचं छत आणि १० मिलिमीटरची सर, झाले १०० लिटर. आम्ही छताच्या मधोमध नळी शिवून घेतली आहे. पहिली काही मिनिटं मीठ आणि पक्ष्यांची घाण धुऊन जाऊ द्यायची, मग नळी टाकीला लावायची.

पण सखल कंकणद्वीपांवर ढगांना अडवायला काही नसतं. कोरड्या ऋतूत आठवडेच्या आठवडे सर येत नाही, आणि बेटावरच्या लोकांकडेही पावसाचं साठवलेलंच पाणी असतं. ते मागायला जाणं मला योग्य वाटत नाही. त्यांच्या टाकीतून आपण कॅन भरायचा आणि पुढच्या बेटाला निघून जायचं, तर त्यांनी काय करायचं? इथे राहायचं असेल तर आपलं पाणी आपण आणावं किंवा बनवावं, हे माझं ठाम मत आहे.

आर्या_प

मला नांगर आणि प्रवाळाबद्दल विचारायचं आहे. ५० मीटर साखळी तळावर इकडून तिकडे फिरते म्हणजे प्रवाळाचा चुराच होत असणार ना? मग अशा ठिकाणी बोटींना नांगर टाकूच देऊ नये, असं मला वाटतं. पाण्यात कायमचे बांधलेले बोये असावेत, त्यालाच बोटी बांधाव्यात.

समुद्रपक्षी

आर्या, प्रश्न अगदी रास्त आहे आणि याबाबतीत हयगय करणाऱ्या बोटी मी पाहिल्या आहेत. घुमटासारखं वाढणारं पोराइट्स जातीचं प्रवाळ वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वाढतं. माणसाच्या उंचीचा घुमट म्हणजे शंभराहून जास्त वर्षांचं काम. साखळीचा फास त्यावर एकदा आवळला की ते एका रात्रीत तुटतं.

म्हणून पहिली अट, नांगर वाळूतच. वाळूचा तुकडा लहान असेल आणि आजूबाजूला प्रवाळाचे सुळके असतील, तर साखळी तरंगती ठेवतात. नांगरापासून पहिला भाग तळावर सोडायचा, मग ठरावीक अंतराने साखळीला बोयांचे फुगे बांधायचे. साखळी पाण्यात मधल्या मध्ये लोंबते आणि बोट फिरली तरी सुळक्यांच्या वरून जाते. फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतू बेटांत मोत्यांच्या शेतीतले वाहून आलेले फुगे पुळणीवर पडलेले असतात. बरेच जण तेच गोळा करून वापरतात, त्यात किनाराही साफ होतो. याचा बोटीलाही फायदा आहे, कारण सुळक्यात गुंतलेली साखळी आखूड होते आणि लाटेत झटके देते.

कायमच्या बोयांबद्दल तुमच्याशी बरीचशी सहमत. जिथे कुणीतरी जबाबदारीने त्यांची देखभाल करतं तिथे आम्ही आनंदाने बोया घेतो. पण पाण्याखालचा दोर किती झिजलाय हे वरून कळत नाही. बोयाला बांधल्यावर आधी बुडी मारून खालचा दगड, कडी आणि दोर पाहतो. कडी निम्मी झिजलेली दिसली तर तिथे थांबत नाही.

आर्या_प

तरंगत्या साखळीचं माहीतच नव्हतं. धन्यवाद. आणि सांडपाणी, कचरा?

समुद्रपक्षी

प्लास्टिक समुद्रात टाकायला जगात कुठेही परवानगी नाही. जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल या आंतरराष्ट्रीय करारातला त्याबद्दलचा भाग १९८८ च्या अखेरीपासून लागू आहे आणि तो छोट्या बोटींनाही लागू होतो. आम्ही वेष्टनं दुकानातच काढून टाकतो. पुठ्ठा तर बोटीवर येऊच देत नाही, त्याच्या पन्हाळ्यांत झुरळांची अंडी असतात. उरलेलं प्लास्टिक धुऊन, चेपून, मोठं बंदर येईपर्यंत सांभाळायचं. लहान बेटावर कचरा नेऊन देणं म्हणजे त्यांच्या माथी मारणं.

शौचालयाची टाकी असते. ती बंद खाजणात रिकामी करायची नाही, उघड्या समुद्रात बरंच बाहेर गेल्यावरच. जिथे पाणी बदलायला वेळ लागतो तिथे दहा बोटी एकत्र राहिल्या की फरक डोळ्यांना दिसतो.

उन्हापासून बचावासाठी अंगाला लावायच्या क्रीमचंही पाहावं लागतं. प्रवाळाला घातक मानलं जाणारं ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या क्रीमवर पलाउने २०२० पासून बंदी घातली, हवाईने २०२१ पासून विक्री थांबवली. आम्ही लांब बाह्यांचे कपडे घालूनच पोहतो, मग क्रीम फार लागतच नाही.

स्नेहल_८

मासे तर रोज ताजे मिळत असतील! चित्रात पाहिलं की हेवा वाटतो.

समुद्रपक्षी

स्नेहल, इथे सावध राहावं लागतं. प्रवाळाजवळच्या माशांत सिग्वाटेरा नावाचं विष असू शकतं. गॅम्बिअरडिस्कस नावाचे सूक्ष्म जीव मेलेल्या प्रवाळावरच्या शेवाळावर वाढतात. शेवाळ खाणारे मासे ते खातात, त्यांना मोठे मासे खातात आणि विष साठत जातं. म्हणून मोठा बॅराकुडा, मोठा ग्रुपर, मोरे ईल हे सगळ्यात धोक्याचे. शिजवून, तळून, गोठवून ते जात नाही. माशाला वास नाही, चवीत फरक नाही. एकाच जातीचा मासा एका बेटावर निर्धोक आणि शेजारच्या बेटावर विषारी असू शकतो.

त्यामुळे प्रवाळातला मासा आम्ही तिथल्या माणसांना विचारल्याशिवाय खात नाही. बेटांदरम्यानच्या प्रवासात खोल समुद्रात गळाला लागलेला टूना किंवा माहीमाही असेल तर ही चिंता नसते.

डॉ_वैद्य

सिग्वाटेराबद्दल एक भर. उलट्या-जुलाबाबरोबर ओठांना, बोटांना मुंग्या येतात आणि थंड वस्तू हाताला भाजल्यासारखी लागते. हे लक्षण दिसलं की संशय घ्या. काहींना थकवा आणि मुंग्या आठवडेच्या आठवडे राहतात.

दुसरं, प्रवाळाने कापलेली जखम. दिसायला खरचटल्यासारखी असते, पण आत बारीक कण राहतात आणि दमट हवेत ती चिघळते. गोड्या पाण्याने आणि मऊ ब्रशने घासून साफ करा, दुखलं तरी. आणि बरी होईपर्यंत पाण्यात उतरू नका, बोटीवरच्या लोकांना हेच पाळणं सगळ्यात कठीण जातं. कानात पाणी राहून होणारा संसर्गही तसाच. पोहून आल्यावर कान कोरडे करा.

समुद्रपक्षी, बोटीवर औषधपेटी कशी ठेवता?

समुद्रपक्षी

डॉक्टर, मनापासून आभार, हे लिहिलंत ते फार बरं झालं. निघण्यापूर्वी आमच्या डॉक्टरांबरोबर बसून यादी केली: प्रतिजैविकं, वेदनाशामक, कानाचे थेंब, जलसंजीवनी, टाके घालायचं सामान. प्रत्येक पाकिटावर मात्रा मराठीत लिहून ठेवली आहे, कारण रात्री दोन वाजता तापात असताना बारीक अक्षर वाचवत नाही. जवळचा दवाखाना कधी कधी दोन दिवसांच्या प्रवासावर असतो, म्हणून खरचटणंसुद्धा त्याच दिवशी मनावर घ्यायचं.

मृण्मयी_के

स्वयंपाक कसा करता? गॅस असतो का?

समुद्रपक्षी

गॅसच. शेगडी झुल्यावर बसवलेली असते, बोट हलली तरी भांडं सपाट राहतं. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीवरच्या घरात दारातून निघून जाईल, बोटीत तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. म्हणून सिलिंडर बाहेरच्या, समुद्राकडे भोक असलेल्या कप्प्यात आणि स्वयंपाक झाला की सिलिंडरचाच व्हॉल्व्ह बंद. प्रेशर कुकरसारखं भांडं नाही. गॅस कमी, आत उकाडा कमी आणि कलंडला तरी झाकण उघडत नाही.

न धुतलेली अंडी फ्रिजबाहेर टिकतात, रोज उलटी करून ठेवायची. कांदे, बटाटे जाळीच्या झोळीत, पण वेगवेगळ्या. एकत्र ठेवले की दोन्ही लवकर जातात.

सौरभ_मा

तुम्ही चक्रीवादळांबद्दल मुद्दाम लिहिलं नाही का? त्या महिन्यांत काय करता?

समुद्रपक्षी

सौरभ, सुरुवातीला टाळलं, कारण त्या महिन्यांत त्या पट्ट्यात राहायचंच नाही, हेच त्याचं उत्तर. दक्षिण प्रशांतात नोव्हेंबर ते एप्रिल, उत्तर अटलांटिकमध्ये जून ते नोव्हेंबर. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे पाच अंशांत चक्रीवादळं क्वचितच तयार होतात, कारण हवेला फिरवणारा कोरिऑलिस परिणाम तिथे अगदी क्षीण असतो. म्हणून काही बोटी दक्षिणेला न्यूझीलंडला जातात, काही विषुववृत्ताकडे सरकतात, मार्शल बेटांत माजुरोपर्यंत. फ्रेंच पॉलिनेशियाला तुलनेने निर्धोक मानणारेही आहेत, पण १९८२-८३ च्या जोरदार एल निन्योत तिथे एकामागून एक चक्रीवादळं आली होती. त्यामुळे त्या वर्षीचा एल निन्यो कसा आहे, हे पाहिल्याशिवाय ठरवू नये.

रोजच्या आयुष्यात चक्रीवादळापेक्षा पावसाळी झोतच जास्त त्रास देतात. एका रात्री असाच झोत आला आणि आमच्या पुढची बोट नांगरासकट मागे सरकू लागली. त्यावरची माणसं बेटावर गेलेली. आजूबाजूच्या तीन बोटींवरचे लोक छोट्या होड्या घेऊन तिच्याकडे धावले. एकाने तिची आणखी साखळी सोडली, दोघांनी आपल्या होड्यांची नाकं तिला लावून धरली, बाकीचे रबरी गोळे घेऊन आमच्या नाळेवर उभे. नांगर पुन्हा रुतला तेव्हा सगळे चिंब होते. कुणी कुणाला नावानेही ओळखत नव्हतं. नांगरतळावर शेजारधर्म असा असतो, आणि या जगण्यातली मला सगळ्यात प्रिय असलेली गोष्ट हीच आहे.

दर्यावर्दी_जुना

वाचून बरं वाटलं. दर्यावर अजून माणुसकी आहे.

एक विचारतो. ताहितीत भरती रोज दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, असं आमच्या वेळी सांगत. अजून तसंच?

समुद्रपक्षी

हो काका, तसंच. चंद्रामुळे येणारी भरती त्या भागात जवळजवळ नाहीशी असते, उरते ती सूर्याची, म्हणून ती घड्याळाबरोबर चालते. उंची मात्र जेमतेम फूटभर.

सौरभ_मा

शेवटचा प्रश्न. अशा खाजणातून बाहेर पडताना काय काय पाहता?

समुद्रपक्षी

आधी खिंडीतला, म्हणजे प्रवाळाच्या कड्यातल्या वाटेतला, प्रवाह. भरतीच्या तक्त्यावर इथे पुरतं अवलंबून राहता येत नाही. बाहेर दक्षिणेकडून मोठी लाट येत असली की ती कड्यावरून आत पाणी ओतत राहते आणि ते सगळं पाणी एक-दोन खिंडींतूनच बाहेर पडतं. मग भरतीच्या वेळीसुद्धा प्रवाह बाहेरच्याच दिशेने वाहतो, कधी कधी ६ नॉटच्या वर. बाहेरून वारा आणि आतून प्रवाह एकमेकांना भिडले की खिंडीच्या तोंडाशी जागच्या जागी उभ्या लाटा तयार होतात. दुर्बिणीतून त्या पांढऱ्या दिसतात. दिसल्या तर चहा ठेवायचा आणि तासाभराने पुन्हा पाहायचं.

निघण्याच्या आदल्या दिवशीच बुडी मारून साखळी कुठे गुंतली आहे का ते पाहतो, छोटी होडी आणि तिचं इंजिन उचलून डेकवर बांधतो, आतलं सुटं सामान कप्प्यांत टाकतो. सकाळी उशिराच निघतो, सूर्य पुरेसा वर आल्यावर. एकजण नाळेवर उभा राहून हाताने साखळीची दिशा दाखवतो, दुसरा त्या दिशेला इंजिनवर हळूहळू बोट नेतो, म्हणजे साखळी ओढायचं यंत्र बोट ओढत नाही, फक्त ढिली झालेली साखळी गोळा करतं. वर येणारी प्रत्येक कडी चिखल-वाळूसकट येते, ती समुद्राच्या पाण्याने धुऊनच पेटीत. न धुता ठेवली तर दोन दिवसांत अख्ख्या बोटीला वास मारतो.